क्रिप्टोचा पहिला धडा दौलताबादला

विद्यापीठात क्रिप्टोकरन्सी व ब्लॉकचेनचा अभ्यासक्रम आखायचा झाल्यास पुंडलिकनगरच्या विद्यार्थ्यांना पहिल्या धड्यासाठी दूर जावे लागणार नाही. दौलताबाद जवळच आहे.

१३२९-३० च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने पितळ-तांब्याच्या नाण्यांना चांदीच्या टंक्याचे मोल दिले. दौलताबादच्या टांकसाळीतही ती पाडली गेली. त्यांवर सुलतानाच्या आज्ञापालनाचा उपदेश कोरलेला होता. खरे-खोटे ओळखण्याची खात्रीची सोय मात्र नव्हती. घरोघरी टांकसाळी झाल्या, असे बरनी लिहितो. (त्याची अतिशयोक्ती गृहीत धरूनच वाचावे.) अखेर दोन-तीन वर्षांतच ती मागे घेताना बनावट नाण्यांच्या बदल्यातही खजिन्यातून सोने-चांदी मोजावी लागली.

दुसरा धडा, ज्यांचे नाव येथील विद्यापीठाला आहे त्यांचा. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निराळेच दुखणे दाखवले: नाणे अस्सल असले तरी सरकार ते वाटेल तितके पाडू शकते. म्हणून रुपयाच्या निर्मितीलाच पक्की मर्यादा हवी.

२००९ साली सुरू झालेले बिटकॉइन दोन्हींवर उपाय सांगते. व्यवहारांची सामाईक खतावणी असंख्य संगणकांवर असते, त्यामुळे खोटी नोंद खपत नाही. आणि एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत. मात्र त्यामागे खजिना कोणाचाच नाही. तुघलकाने निदान चांदी तरी मोजली होती.