मराठी विज्ञानकथा आणि आपला उद्या

मराठी विज्ञानकथेचा इतिहास बहुधा १९०० सालापासून सांगितला जातो. त्या साली ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचा अनुवाद 'चंद्रलोकची सफर' या नावाने 'केरळ कोकिळ' मासिकात आला. १९०८ मध्ये नाथमाधवांची 'श्रीनिवासराव' आली. पुढल्या दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य'. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धेने या प्रवाहाला बळ दिले. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी तो पुढे नेला. २०२१ साली नारळीकर अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. एक कालखंड संपला. म्हणून या वाङ्मयाचा हिशेब आपण आपल्या बाजूने मांडला पाहिजे.

एका घटनेपाशी मी नेहमी थांबतो. १९७४ च्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आपल्या ख्यातीचे वजन परीक्षकांवर पडू नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. हा प्रामाणिकपणा वंदनीयच आहे. परंतु त्याआधी अकरा वर्षे, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला होता. तिथला माणूसही ओळख झाकतो. एकाने नाव झाकले ते नावाचा लाभ नको म्हणून. दुसऱ्याने जात झाकली ती डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून. याच काळात मराठीत दोन नवे प्रवाह जोमाने वाहत होते, पण त्यांची गाठ पडली नाही. विज्ञानकथेचा नायक बहुधा शास्त्रज्ञ, त्याचे घर शहरी, त्याच्यापुढचे संकट साऱ्या मानवजातीचे. त्या मानवजातीत गावकुसाबाहेरचा माणूस क्वचितच दिसतो.

यंत्र आले की जात जाते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या गावाच्या नावालाच 'रेल्वे' जोडलेली आहे. १८६७ मध्ये नागपूरला पोचलेल्या या लोहमार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे नेला. पण आगगाडीने जात नेली नाही. १९०१ साली वडिलांकडे निघालेले लहानगे भीमराव मसूर स्टेशनावर उतरले, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. वाफेच्या इंजिनाने मुलांना स्टेशनापर्यंत आणले. फलाटावर मनूच उभा होता. एकविसाव्या शतकातही तेच. २०१३ मध्ये हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा नवा कायदा झाला, २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले यान चंद्रावर उतरले, आणि त्यानंतरही माणसे गटारात उतरून मेली. ही विज्ञानकथा कोणी लिहायची?

बाहेर ती लिहिली गेली आहे. एच. जी. वेल्सने १८९५ साली 'टाइम मशीन'मध्ये वर उजेडात सुखासीन आणि खाली अंधारात श्रमकरी, अशी दुभंगलेली मानवजात दाखवली. रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम'मध्ये पडद्यात पुरुष आणि कारभारात स्त्रिया, असे विज्ञानसंपन्न राज्य रचले. घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी ऑक्टेव्हिया बटलर हिने १९७९ साली 'किंड्रेड'मध्ये १९७६ सालची काळी स्त्री गुलामगिरीच्या काळात नेऊन टाकली. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपण १९७२ साली नाव घेतले. त्यांच्या लेखकांचे हे हत्यारही पारखून पाहावे. आजची पदवीधर मुलगी पेशवाईतल्या पुण्यात, गळ्यात मडके आणि कमरेला झाडू घेऊन उभी राहिली तर? जुन्या नोंदींवर शिकवलेले यंत्र अर्जावरचे आडनाव पाहून नोकरी नाकारू लागले तर?

आत्मकथनांनी आपला भूतकाळ जगापुढे ठेवला. ते काम संपलेले नाही. पण ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दैव नाकारले, त्यांच्या लेकरांना कार्यकारणभाव परका नाही. विज्ञानकथेचा पायाही तोच. माझ्या वर्गातली मुले प्रयोगशाळेत परीक्षानळी धरतात आणि संध्याकाळी वस्तीवर परततात. या दोन्ही जागा ज्याला ठाऊक आहेत, तोच मराठी विज्ञानकथेला पुढचे पाऊल टाकायला लावील. इतिहासात आपल्यासाठी जागा दुसऱ्यांनी ठरवली. उद्याची जागाही त्यांनीच ठरवायची काय?