नाण्याचा खेळ आणि सहकार्याचे स्वरूप : ‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’ (१९८९)

जपानमधील कोनामी कंपनीने इ. स. १९८९ मध्ये नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रासाठी ‘टीनेज म्यूटंट निंजा टर्टल्स’ हा व्हिडिओ गेम निर्माण केला. चार खेळाडूंनी एकाच पडद्यासमोर उभे राहून, खांद्याला खांदा लावून शत्रूच्या टोळ्यांशी हाणामारी करावयाची, असे त्याचे स्वरूप होते. अशा खेळांचा उल्लेख सामान्यतः ‘सहकार्याचे खेळ’ म्हणून केला जातो. परंतु हे सहकार्य यंत्राच्या नियमांत होते की खेळणाऱ्या माणसांच्या व्यवहारात होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि तो विचारल्यावाचून या खेळाचे ऐतिहासिक स्थान ठरविता येत नाही.

मूळ कथेचा प्रवास प्रथम पाहणे अवश्य आहे. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेर्ड या दोन अमेरिकन चित्रकारांनी १९८४ साली ही चित्रकथा स्वतःच्या खर्चाने काढली. तिची आतील पाने कृष्णधवल होती. प्रबोधनकाळातील इटालियन कलावंतांची नावे धारण करणारी ती चार कासवे केवळ हातांतील शस्त्रांवरून ओळखू येत : लिओनार्दोच्या तलवारी, डोनाटेलोची लाठी, राफाएलची साई आणि मायकेलअँजेलोचे नुन्चाकु. मुखपृष्ठावर रंग आला तेव्हाही चौघांच्या डोळ्यांवरील पट्ट्या तांबड्याच होत्या. पुढे डिसेंबर १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवर कार्टून मालिका सुरू झाली, प्लेमेट्स कंपनीची खेळणी बाजारात आली, आणि या अवस्थांतरात चौघांना चार स्वतंत्र रंग मिळाले. निळा लिओनार्दोस, तांबडा राफाएलला, जांभळा डोनाटेलोस आणि नारिंगी मायकेलअँजेलोस. मुलांना बाहुल्या वेगवेगळ्या ओळखू याव्यात आणि एकाऐवजी चारही विकत घ्याव्याशा वाटाव्यात, एवढाच हिशेब यामागे पाहिला तरी तो अपुरा ठरत नाही.

याच व्यापारी रंगयोजनेने दोन वर्षांनी खेळाची एक मोठी अडचण सोडविली. एका पडद्यावर चार योद्धे आणि त्यांच्याभोवती शत्रूंचा घोळका अशा गर्दीत आपला योद्धा कोणता, हे क्षणार्धात उमगले पाहिजे. चौघांसाठीच्या यंत्रावर प्रत्येक जागा एकेका कासवाला नेमून दिलेली होती. जो ज्या दांड्यापाशी उभा राही, तो ते कासव होई. दोघांसाठीच्या यंत्रावर मात्र कासव निवडण्याची मुभा असे. कृष्णधवल चित्रकथेवरून हाच खेळ थेट रचला असता, तर तो इतका सुबोध झाला असता असे म्हणवत नाही.

तंत्राच्या दृष्टीने या खेळात दोन जुन्या धारा एकवटलेल्या दिसतात. पहिली, अटारी गेम्सच्या ‘गॉन्टलेट’ (१९८५) या खेळाची. चौघांनी एकत्र खेळावे, कोणीही मध्येच नाणे टाकून सामील व्हावे, आणि अधिक नाण्यांनी आयुष्य वाढवून घ्यावे, ही व्यवस्था तेथे रूढ झाली. दुसरी धारा टेक्नोस जपानच्या ‘डबल ड्रॅगन’ (१९८७) या खेळाची. रस्त्यावरील हाणामारी दोघांनी मिळून करण्याचा प्रकार त्याने लोकप्रिय केला. तथापि त्या खेळातील मैत्री मोठी विलक्षण होती. एकाचा ठोसा दुसऱ्याला लागू शके. आणि दोघेही शेवटपर्यंत टिकले तर सोडविलेल्या तरुणीसाठी त्यांना परस्परांशीच लढावे लागे! कोनामीच्या कासवांत ही भाऊबंदकी नाही. मित्राचा घाव मित्राला लागत नाही, आणि श्रेडरच्या पाडावानंतर कोणतेही द्वंद्व उरत नाही.

एवढ्यावरून हा खेळ निखळ सहकार्याचा ठरतो काय? तसे म्हणता येत नाही. गुण प्रत्येकाच्या नावावर स्वतंत्र मांडले जात. मेलेल्याला साथीदार उठवू शकत नसे. त्याला उठवी ते त्याच्याच खिशातील नाणे. सर्वांत बोलका पुरावा पिझ्झाचा आहे. गेलेली शक्ती भरून काढणारा हा पदार्थ वाटेत कोठेतरी पडलेला असे, आणि जो प्रथम उचलील त्या एकालाच तो लाभे. तो धडधाकट गड्याने घ्यावा की मरणाच्या दारी असलेल्याने, याविषयी यंत्र सर्वस्वी मुके होते. तो निर्णय यंत्रापुढे उभ्या असलेल्या चौघांनी बोलून, ओरडून, प्रसंगी कोपर मारून घ्यावयाचा असे. सारांश, यंत्राने पुरविले ते सान्निध्य; सहकार्य घडलेच तर ते दांड्यांच्या अलीकडे घडले.

घरगुती आवृत्तीने या मताला पुष्टी मिळते. १९९० साली निन्टेंडोच्या घरगुती यंत्रासाठी हाच खेळ निघाला तेव्हा त्यात नवे टप्पे घातले गेले, ‘पिझ्झा हट’ची जाहिरातही शिरली, पण खेळाडू चारांचे दोन झाले. यंत्रगृहात अनोळखी मुलगा नाणे टाकून शेजारी येऊन उभा राही, ती शक्यता दिवाणखान्यात उरली नाही. कोनामीने हाच साचा ‘द सिम्पसन्स’ (१९९१), ‘टर्टल्स इन टाइम’ (१९९१) आणि सहा जणांचा ‘एक्स-मेन’ (१९९२) यांत वापरला. परंतु कॅपकॉमच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने (१९९१) यंत्रगृहातील गर्दी समोरासमोरच्या द्वंद्वाकडे वळविली, आणि सोबतीने लढण्याचे खेळ मागे पडले.

या संदर्भात २०२२ साली आलेला ‘श्रेडर्स रिव्हेंज’ अभ्यासकांनी अवश्य तपासावा. मॉन्ट्रियलच्या ट्रिब्यूट गेम्सने तो जुन्या खेळाच्याच वळणावर रचला, आणि १९८७ च्या मालिकेत कासवांना आवाज देणाऱ्या चौघा नटांना पुन्हा बोलाविले. हे स्मरणरंजन उघड आहे. पण एक बदल त्याच्याखाली झाकला जातो. येथे पडलेल्या गड्याला साथीदार पिझ्झा देऊन उठवू शकतो, आणि आपल्या शक्तीचा काही अंश दुसऱ्याला देऊ शकतो. १९८९ च्या यंत्राला अशी तरतूद परवडणारी नव्हती, कारण मेलेल्या खेळाडूचे पुढचे नाणे हेच त्याचे उत्पन्न होते.