बाळंतिणीचं डोकं दुखतंय? दिवस मोजा



बाळंतिणीचं डोकं ठणकलं की आपल्याकडे म्हणायचे, ‘वारं लागलं.’ डोक्याला फडकं घट्ट बांधायचं, पाणी बेतानं द्यायचं. झटके आले की देवऋषी. त्यातल्या काही जणींच्या मेंदूतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असणार. पण ओळखणार कोण?

डॉक्टरांनाही हा आजार उशिराच उमगला. १८२५ साली फ्रान्समधल्या रिब नावाच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली, तीही रुग्ण गेल्यावर. तीन वर्षांनी स्कॉटलंडच्या अ‍ॅबरक्रॉम्बींनी बाळंतिणीत तो नोंदवला. आपल्या पुण्यात १८६७ मध्ये ससून रुग्णालय सुरू झालं, तेव्हा जिवंत माणसाच्या कवटीच्या आत पाहायचं साधन जगात कुठेच नव्हतं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा फोटो १९२७ मध्ये पोर्तुगालमध्ये निघाला. सीटी स्कॅन १९७१ मध्ये लंडनला आला.

बाळंतपणात रक्तस्राव थांबावा म्हणून रक्त लवकर गोठतं. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की धोका वाढतो. मोरीचं तोंड तुंबलं की पाणी मागे फिरतं, तसं शीर तुंबली की रक्त मागे साचतं आणि मेंदूला सूज येते.

इलाज आहे. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी २० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्त पातळ ठेवणारं हेपारिन दिलेल्या दहांपैकी कुणी दगावलं नाही. न दिलेल्या दहांपैकी तिघे गेले.

अडतं ते ओळखण्यापाशी. साधा सीटी स्कॅन कधीकधी ठीकच दिसतो. शिरांची वेगळी तपासणी, म्हणजे व्हेनोग्राफी, करावी लागते, आणि ती शंका आली तरच होते. ही शंका डॉक्टरांच्या मनात घालणं घरच्या बाईच्या हातात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी वढू भागात गावातल्याच बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं, ते याच विश्वासानं: घरातलं दुखणं आधी बाईला दिसतं.

म्हणून गटाच्या बैठकीत एवढं सांगा. सव्वा महिना होईपर्यंत, त्यानंतरही थोडे दिवस, बाळंतिणीला पाणी तोडू नका. डोकं वाढत दुखतंय, उलट्या होताहेत, अंधुक दिसतंय, झटका आला किंवा एक बाजू लुळी पडली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘हिला बाळंत होऊन इतके दिवस झालेत.’