जस्ताच्या मुलाम्याची कुळकथा

लोखंडाला गंजापासून वाचवणारं जस्त स्वतः हाती लागायला फार अवघड. ते ९०७ अंशांना उकळतं आणि खनिजातून सुटताच वाफ होऊन निघून जातं. उदयपूरजवळच्या जावरच्या कारागिरांनी मध्ययुगातच ही वाफ धरली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी तोंड खाली करून भट्टीत लावायच्या, वर आच द्यायची आणि खाली उतरणारी वाफ थंड करायची. या कारागिरीचं मोल आपण अजून पुरतं ओळखलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

१७४२ साली पॉल जॅक मालुआँ यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची कृती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. पण जस्त लोखंडाला नेमकं कसं वाचवतं, हे तेव्हा उमगलेलं नव्हतं.

त्या प्रश्नाचा उलगडा समुद्रावर होत गेला. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि खारं पाणी ते खात असे. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही यांनी त्या तांब्याला जस्ताचे किंवा बिडाचे लहान तुकडे जोडले. तुकडे झिजू लागले, तांबं झिजायचं थांबलं. एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो, हे त्यांनी दाखवून दिलं. तरीही जहाजं मंदावली, कारण तळावर शिंपले आणि शेवाळ माजलं. तांबं किंचित विरघळत होतं म्हणूनच ते जीव मरत होते. नौदलाला तुकडे काढून टाकावे लागले. डेव्हींचं रसायनशास्त्र अचूक होतं, पण तो पत्रा तिथे कोणतं काम करत होता हे हिशेबातून निसटलं. मुलामा निवडणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

१८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी फ्रान्समध्ये पेटंट घेतलं: लोखंड आम्लात धुवायचं, नवसागर लावायचा, मग जस्तात बुडवायचं. आपला कल्हईवाला भांड्यावर नवसागर फिरवतो तोही याचसाठी, की पृष्ठभाग स्वच्छ राहावा आणि धातू धरावा. मात्र कल्हईच्या कथिलाचा स्वभाव वेगळा. लोखंडावरच्या कथिलाला ओरखडा गेला, की पाण्यापावसात उघडं पडलेलं लोखंड उलट लवकर गंजतं. जस्ताला ओरखडा गेला तर आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं.

आज वर्कशॉपमध्ये दोन वाटा असतात. साधारण ४५० अंशांच्या हौदात बुडवून काढलेला थर जाड बसतो. उघड्यावरच्या खांबांना, पाइपांना तोच हवा, पण बारीक आट्यांत तो साचतो. म्हणून नटाचे आटे मोठे कापावे लागतात. विजेच्या साह्याने केलेलं झिंक प्लेटिंग काही मायक्रॉनचंच असतं. त्याने आटे बिघडत नाहीत, पण उघड्यावर ते फार वर्षं पुरत नाही.

उच्च ताकदीच्या बोल्टांची गोष्ट आणखी नाजूक. आम्लात धुताना आणि प्लेटिंग करताना हायड्रोजन पोलादात शिरतो. मग वरून लखलखीत दिसणारा बोल्ट ताण आल्यावर, कधी काही तासांनी, अचानक तुटतो. म्हणून प्लेटिंग होताच असे बोल्ट सुमारे २०० अंशांना काही तास भट्टीत ठेवतात. ऑर्डरच्या कागदावर ही सूचना स्पष्ट लिहावी लागते, कारण भट्टीत न घातलेला बोल्ट नुसत्या नजरेने ओळखता येत नाही.