बीकन्सफील्डच्या काचघरातली चूल

विलायतेला जाऊन दाद मागणारा जुन्या काळचा मराठी माणूस कोण, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी रंगो बापूजींचे नाव येते. साताऱ्याच्या छत्रपतींची कैफियत घेऊन ते १८४० च्या सुमारास लंडनला पोहोचले आणि १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. पण त्यांच्याही जवळजवळ साठ वर्षे आधी, १७८१ साली, दोन सोबती त्याच शहरात उतरले होते. एक हणमंतराव नावाचे ब्राह्मण आणि दुसरे मणियार रतनजी नावाचे पारशी. मणियारांचा मुलगा खरसेटजी हाही बरोबर होता. या मंडळींना पाठवणारे धनी होते रघुनाथराव पेशवे, म्हणजे आपले राघोबादादा.

राघोबादादांना लंडनपर्यंत हात पोहोचवावासा का वाटला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ऑगस्ट १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यानंतर बारभाईंनी दादांना पेशवाईवर टिकू दिले नाही. दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ६ मार्च १७७५ रोजी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह झाला. मुंबईच्या कौन्सिलाने केलेला हा तह कलकत्त्याच्या कौन्सिलाने झिडकारला आणि पुढल्याच वर्षी पुण्याशी पुरंदरचा तह केला. गंमत अशी की लंडनमधल्या कंपनीच्या डायरेक्टरांना मात्र सुरतेचा तहच पसंत पडला होता! साष्टी बेट कोणाला नको होते? एका कंपनीची ही तीन तोंडे. मुंबई हो म्हणते, कलकत्ता नाही म्हणते, आणि दोघांच्या वर बसलेले लंडन पुन्हा हो म्हणते. अशा वेळी सरळ वरच्या तोंडाशीच बोलावे, असे दादांना वाटले असेल तर त्यात खुळेपणा काही नव्हता. दादांना आपण एरवी पुष्कळ नावे ठेवतो, आणि ती त्यांनी कमावलेली आहेत. पण इंग्रजांचा कारभार कुठून चालतो, हे त्या काळात ओळखणाऱ्या थोड्या मराठी माणसांत त्यांची गणना करावी लागेल.

जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी हात टेकले आणि दादा महादजी शिंद्यांच्या हवाली झाले. झाशीकडे नेले जात असताना ते नर्मदेकाठी निसटले आणि पुन्हा सुरतेला इंग्रजांकडे पोहोचले. पुढच्याच वर्षी वकील निघाले.

प्रवास आजच्या हिशेबाने कल्पनेबाहेरचा. सुवेझचा कालवा १८६९ चा, त्यामुळे तेव्हा तांबड्या समुद्रातून सुवेझपर्यंत गलबत, पुढे वाळवंटातून खुष्कीने भूमध्य समुद्राचा किनारा, आणि तिथून परत जहाज. हे वकील सुवेझपर्यंत समुद्रमार्गाने गेले, अशी नोंद आहे. सोवळ्यातल्या माणसाला समुद्र ओलांडायचा म्हणजे पातक हा एक भाग झाला. दुसरा भाग रोजचा होता. पिंपातले पाणी कोणी भरले? चुलीवर आधी काय शिजले? हे प्रश्न त्यांना दिवसातून दोनदा पडत असणार.

मणियारांची गोष्ट वेगळी. सुरतेच्या पारशांचा इंग्रजांशी व्यवहार जुना. सुरतेचेच नौरोजी रुस्तमजी १७२४ साली लंडनला जाऊन, कंपनीच्या डायरेक्टरांपुढे घराण्याची तक्रार मांडून, निकाल आपल्या बाजूने घेऊन आले होते. म्हणजे पारशी मंडळींच्या घरात लंडन ही निदान ऐकलेली जागा होती. या जोडीत परक्या शहराशी बोलण्याचे काम कोणाच्या वाट्याला आले असेल, याचा तर्क करायला फार विद्वत्ता लागत नाही. दोघांमध्ये मैत्री होती की नुसती चाकरीची सोबत, कोण जाणे. पण इतक्या लांबच्या वाटेवर हा फरक किती उरत असेल?

ते पोहोचले तेव्हाचे लंडन सात-आठ लाख वस्तीचे, कोळशाच्या धुराने काळवंडलेले. जून १७८० मध्ये तिथे कॅथलिकांविरुद्ध मोठी दंगल होऊन घरे आणि तुरुंग जाळले गेले होते, सैन्याच्या गोळ्यांनी शेकडो माणसे मेली होती. अमेरिकेतली लढाई हातची चालली होती. अशा गडबडीत पेशव्यांच्या एका हद्दपार काकाचे वकील कोणाच्या खिजगणतीत असणार? राहायला जागा मिळेना असे नव्हे. पण गोमांस शिजवणाऱ्या मुदपाकखान्याशेजारी हणमंतरावांनी भात कसा लावायचा, हे तिथे कोणाला ठाऊकच नव्हते. सुरुवातीच्या दिवसांत त्यांचे हाल झाले, हे नक्की. ते नक्की म्हणता येते याचे कारण एडमंड बर्क.

बर्क तेव्हा पार्लमेंटातले नामांकित वक्ते. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालवणारे ते हेच. १७८१ मध्ये ते हिंदुस्थानच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या समितीत काम करत होते. या वकिलांची अडचण कळली तेव्हा त्यांनी त्यांना लंडनपासून दहा-बारा कोसांवर, बीकन्सफील्ड इथल्या आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्यांच्या हवाली केले. थंडीत नाजूक झाडे जगवण्यासाठी इंग्रज श्रीमंत अशी घरे बांधत. मुख्य वाड्यापासून अलग, उजेडाची, जिथे कधी मांस शिजलेले नाही अशी ही जागा. सोवळ्याच्या दृष्टीने याहून चांगले स्वयंपाकघर त्या देशात शोधून सापडले नसते. तिथे त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे शिजवावे, जेवावे, पूजाअर्चा करावी, अशी व्यवस्था झाली.

बर्क यांनी राघोबादादांना लिहिलेले पत्र त्यांच्या छापील पत्रव्यवहारात आहे. तुमच्या वकिलाला सुरुवातीला जो त्रास झाला तो आमच्या अज्ञानामुळे, निर्दयपणामुळे नव्हे. आता काय लागते ते आम्हाला कळले आहे, पुढे कोणी आले तर त्यांची सोय नीट होईल, असा त्याचा आशय. इंग्रजी चरित्रकार हा प्रसंग बर्क यांच्या दिलदारपणासाठी सांगतात. दिलदारपणा होताच. पण मला त्यात दुसरीही बाजू दिसते. बर्क आयुष्यात कधी हिंदुस्थानात आले नाहीत. त्यांनी हिंदुस्थान पाहिला तो कागदपत्रांत, आणि काही दिवस आपल्या बागेत. त्याच वर्षी पार्लमेंटाने केलेल्या कायद्यात हिंदूंचे वारसा आणि करारांचे तंटे हिंदूंच्या कायद्याने चालवावेत, कुटुंबप्रमुखाचे हक्क आणि जातीचे आचार राखावेत, अशी कलमे आली. हणमंतरावांच्या चुलीमुळे ती आली असे मी म्हणणार नाही. पण त्या चर्चेतल्या एका प्रमुख माणसाने आचार म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिले होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

राजकारणात मात्र वकिलांच्या हाती काही लागले नाही. दोष त्यांचा नव्हता. ते वाटेत आणि विलायतेत असताना इकडे पट पालटला. जुलै १७८० मध्ये हैदरअली कर्नाटकात घुसला. ऑगस्टमध्ये पॉफमने रात्री शिड्या लावून आपला ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, पण असल्या विजयांनीही इंग्रजांना दोन आघाड्या पेलवेनात. हेस्टिंग्जला मराठ्यांशी समेट हवा होता, आणि समेटाची पहिली किंमत होती राघोबादादा. लंडनची बातमी इकडे यायला आणि इकडची तिकडे जायला सहा-सहा महिने. वकील ज्या दादांची बाजू मांडत होते, त्या दादांना इंग्रजांनी मनातून केव्हाच सोडून दिले होते. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई गावी, महादजींच्या मध्यस्थीने, तह झाला. पेशवे सवाई माधवराव. दादांना दरमहा पंचवीस हजार रुपये. सालबाई आपल्याकडून किती जवळ! महादजींचे नाव त्या तहाने हिंदुस्थानभर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच कागदाने दोन माणसांची हजारो कोसांची पायपीट फुकट गेली, हे सहसा सांगितले जात नाही.

परतीची हकिकत फ्रान्सिस विलफर्ड याने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये लिहून ठेवली. वकील इराणमार्गे आले, म्हणजे समुद्राच्या जोडीला सिंधू नदी ओलांडल्याचाही दोष लागला. जातीने त्यांना वाळीत टाकले. ठिकठिकाणचे पंडित जमले आणि अखेर निर्णय झाला, की हे लोक सद्वर्तनी, स्वदेशाच्या कामासाठी गेलेले, तेव्हा यांना पुनर्जन्म देता येईल. दादांनी शुद्ध सोन्याची योनिप्रतिमा करवली, तीतून त्यांना पार काढले, पुन्हा संस्कार केले, भरपूर दक्षिणा वाटली आणि मग ते पंक्तीला बसले. माणूस पार जाईल एवढे सोने त्या वेळी दादांकडे कुठून आले, असा प्रश्न मला पडतो. डिसेंबर १७८३ मध्ये तर ते कोपरगावी वारलेही. शिवाय या विलफर्डला त्याच्या पंडिताने बनावट उतारे देऊन पुढे चांगलेच फसवले होते, त्यामुळे त्याचे सगळेच घोटभर पाण्याबरोबर गिळू नये. विधी मात्र कल्पित नव्हे. हिरण्यगर्भाचे दान आपल्या शास्त्रात आहे.

लंडनने हणमंतरावांना अज्ञानाने उपाशी ठेवले आणि निदान त्याबद्दल पत्र लिहिले. घरच्यांना तर त्यांचे सगळे आचार पाठ होते. त्यांनी ते सांभाळूनच त्यांना दाराबाहेर उभे केले.

आणि मणियार? विलफर्डच्या निबंधात त्यांचे नाव नाही. तिथे दादांचे दोन वकील विलायतेला जातात, दोघेही ब्राह्मण, दोघांचीही शुद्धी होते. हणमंतरावांच्या बाजूने लंडनच्या रस्त्यांवर चाललेला पारशी सोबती, त्याला सोन्याची गरजच नव्हती, तो कागदावर चक्क ब्राह्मण होऊन बसला आहे.