बेन नेव्हिसची रोजची वाट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फोर्ट विल्यम नांवाचें गांव आहे. गांवाच्या पाठीशींच बेन नेव्हिस हा ब्रिटनमधील सर्वांत उंच डोंगर उभा आहे. उंची १,३४५ मीटर. हिमालयापुढें ती टेकडीच ठरावी. परंतु अटलांटिक महासागरावरून येणारे ओले वारे या डोंगराच्या अंगावर येऊन आदळतात. पायथ्याशीं ऊन असावें, मध्यावर धुकें भेटावें आणि माथ्यावर गारांचा मारा सोसावा, असा तेथील एका दिवसाचा प्रवास. माथ्यावर पाऊस दरसाल ४,००० मिलिमीटरांच्या घरांत पडतो आणि उन्हाळ्यांतही हिम पडूं शकतें.

अशा डोंगरावर एकदां जाऊन येणें ही हौस झाली. १८८१ सालीं क्लेमंट रॅग या गृहस्थानें तो रोज चढण्याचें पत्करलें. त्या काळीं हवामानशास्त्र बाल्यावस्थेंत होतें. जमिनीवरील वायुभार ठिकठिकाणीं मोजला जात असे. परंतु वरच्या थरांत काय घडतें, याचें ज्ञान फारच तोकडें होतें. माथ्यावर वेधशाळा बांधावी, अशी स्कॉटलंडमधील हवामान मंडळाची इच्छा होती. पैसा मात्र नव्हता. तेव्हां रॅग यानें आपण होऊन ही कामगिरी अंगावर घेतली.

१ जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्याचा क्रम चालला. पहाटे गांवांतून निघावें, वाटेंत ठराविक ठिकाणीं थांबून उपकरणें पाहावीं, सकाळीं माथा गांठून वायुभार, उष्णतामान, वारा व ढग यांची नोंद करावी आणि दुपारीं खालीं यावें. तेव्हां डोंगरावर बांधीव वाट नव्हती. हात गारठून सुजत. वहीचीं पानें भिजून चिंब होत.

त्याच वेळीं खालीं गांवांत त्याची पत्नी समुद्रसपाटीवरील उपकरणें वाचीत असे. या साऱ्या उद्योगाचें मर्म येथेंच आहे. एकटा वरचा आंकडा फारसें सांगत नाहीं. एकाच घटकेचे वरचे व खालचे आंकडे शेजारीं मांडले, म्हणजे हवेच्या थरांतील फरक कळूं लागतो. नांव झालें तें डोंगर चढणाऱ्याचें. पण घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या त्या बाईंवांचून त्याचे निम्मे श्रम वायां गेले असते.

मंडळानें रॅगला सुवर्णपदक दिलें. १८८२ सालींही तीच तपश्चर्या झाली. लोकवर्गणी जमली, वाट बांधली गेली आणि १७ ऑक्टोबर १८८३ रोजीं माथ्यावर वेधशाळा उघडली. तिच्या प्रमुखपदासाठीं रॅगनें अर्ज केला. जागा दुसऱ्यास मिळाली. तो ऑस्ट्रेलियास निघून गेला. पुढें क्वीन्सलंडचा सरकारी हवामानशास्त्रज्ञ झाल्यावर वादळांना नांवें देण्याची प्रथा त्यानें पाडली.

वेधशाळेंत सुमारें वीस वर्षें दर तासाला नोंदी झाल्या. सप्टेंबर १८९४ मध्यें सी. टी. आर. विल्सन हा तरुण तेथें दोन आठवडे राहिला. ढगांवर उन्हानें उमटलेलीं रंगीत वलयें पाहून त्यास कृत्रिम ढग करण्याचा छंद लागला. त्यांतून निघालेल्या उपकरणानें सूक्ष्म विद्युत्कणांचे मार्ग डोळ्यांना दिसूं लागले आणि १९२७ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. वेधशाळा मात्र १९०४ सालींच पैशाअभावीं बंद पडली होती.

२०१७ सालीं हजारों स्वयंसेवकांनीं तिच्या वह्यांतील लाखों आंकडे संगणकांत उतरविले. त्यांच्या आधारें त्या काळचीं वादळें आज पुन्हां अभ्यासतां येतात. त्या वह्यांचा आरंभ मात्र रोज पहाटे निघणाऱ्या एका माणसाच्या भिजलेल्या वहींत आहे.