दर्या, दऱ्या आणि गोंडी : मुक्तस्रोत लायब्ररींच्या अभ्यासाची प्रस्तावना

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, कचारगडला माघ पौर्णिमेची यात्रा भरते. गोंडांचे आदिगुरू पारी कुपार लिंगो यांच्या दर्शनाला आसपासच्या राज्यांतून गोंड समाज तिथे लोटतो. कचारगडच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये या समाजाच्या गोंडी भाषेसाठी स्वतंत्र लिपी घडवली. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावांनंतर ती २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत आली. तेलंगणातल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांमधली दुसरी गोंडी लिपी पुढच्याच वर्षी आली. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या अभ्यासाला या लिप्यांपासून सुरुवात करण्याचं कारण असं की या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न इथे उघड्यावर दिसतो: कोड वेगवानही हवा आणि नव्या माणसाला त्यात हात घालता येईल असाही हवा.

युनिकोड अक्षराला क्रमांक देतो आणि ते कोणत्या जातीचं हे नोंदवतो. त्या क्रमांकांवरून जोडाक्षर कसं उमटवायचं, कोणतं चिन्ह कुठे सरकवायचं, हे ठरवायला वेगळी लायब्ररी लागते. बेहदाद एस्फाहबोद यांच्या पुढाकाराने वाढलेली हार्फबझ ही त्यातली सर्वांत प्रचलित. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस हे सगळे तिच्यावर विसंबून आहेत. पडद्यावर येणारा जवळजवळ प्रत्येक शब्द तिच्या हातून जातो, त्यामुळे स्वस्तातल्या फोनवरही ती अडखळून चालत नाही. म्हणून ती सी++ मध्ये लिहिली आहे, आणि तिच्या आतल्या भागात मेमरीच्या प्रत्येक बाइटचा हिशेब ठेवलेला दिसतो.

आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द पाहा. पहिल्यात समुद्र आहे, दुसऱ्यात डोंगरांमधल्या दऱ्या. पहिल्यात र, हलन्त आणि य; दुसऱ्यात र च्या जागी बहुधा ऱ, बाकी क्रम तोच. पण पहिल्यात र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि दुसऱ्यात तो अर्धा होऊन य च्या आधी उभा राहतो. ‘कि’ मध्ये तर नंतर टाइप केलेली वेलांटी क च्या आधी येते. हे नियम कोडमध्ये चुकले तर ते कोणाच्या लक्षात येईल? मराठी वाचणाऱ्याच्या. सी++ उत्तम जाणणाऱ्या पण देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला दोन्ही चित्रं सारखीच बरोबर वाटतील. गोंडी लिपीच्या बाबतीत ही अडचण कितीतरी पटींनी वाढते, कारण ती वाचणारे थोडे आणि त्यांतले प्रोग्रॅमर त्याहून थोडे.

हार्फबझने यावर काढलेली वाट मला फार मोलाची वाटते. अक्षराची घडण, म्हणजे व्यंजन, नुक्ता, हलन्त, स्वरचिन्ह यांचा क्रम, रॅगेल नावाच्या साधनासाठी एका छोट्या फाइलीत व्याकरणासारखा लिहिलेला असतो. रॅगेल त्यातून वेगवान सी कोड तयार करतो. तो आकड्यांच्या तक्त्यांनी भरलेला असतो आणि माणसाने वाचावा अशी कोणाची अपेक्षाही नसते. कोणतं अक्षर कोणत्या जातीचं, हे युनिकोडच्या साध्या मजकूर-फाइलींत असतं. पायथनच्या एका स्क्रिप्टमधून त्याचे दाबून बसवलेले तक्ते निघतात. म्हणजे वेग यंत्राने घडवलेल्या भागात राहतो आणि भाषेचं ज्ञान माणसाला वाचता-दुरुस्त करता येईल अशा भागात. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी आल्या तेव्हा लिपी निवडणाऱ्या कोडमध्ये त्यांची नावं तेवढी वाढवावी लागली. पुढचं काम अनेक लिप्यांसाठीच्या सामायिक यंत्रणेने सांभाळलं. तिचा आराखडा मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या वेळी मांडला होता.

देवनागरी मात्र या सामायिक वाटेने जात नाही. तिच्यासाठी स्वतंत्र, जुना कोड आहे, कारण जुने फॉन्ट आणि विंडोजचं जुनं वागणं यांच्याशी जुळवून घेताना त्यात अपवादांवर अपवाद साचले आहेत. ज्या लिपीचे वापरणारे कोट्यवधी, तिच्या कोडमध्ये शिरणं अवघड. आणि जिचे वापरणारे मोजके, तिची वाट त्या मानाने मोकळी. या विषयाकडे वळणाऱ्यांनी ही उलटी गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. कोड अवघड होण्यामागे बहुतेक वेळा वेगापेक्षा जुन्या वापरकर्त्यांना दिलेला शब्द असतो.

या वाटेची किंमतही आहे. रॅगेल जाणणारे कमी. यंत्राने घडवलेल्या कोडमध्ये चूक शोधायची तर दोन पातळ्यांवर डोकं चालवावं लागतं. म्हणून हार्फबझ घडवलेल्या फाइलीही मूळ कोडसोबतच ठेवते. नुसतं बांधून पाहणाऱ्याला रॅगेल बसवण्याची गरज पडत नाही. छोटी सोय, पण नवा माणूस पहिल्याच दिवशी परत फिरू नये यासाठी अशाच सोयी लागतात.

इतरांनी हीच रेषा वेगळ्या जागी आखली. आकडेमोडीच्या नमपाय लायब्ररीने बाहेर पायथन ठेवला आणि आत सी. २०१२ मध्ये जेफ बेझनसन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शहा आणि ॲलन एडलमन यांनी ज्युलिया भाषा जाहीर केली, ती ही रेषाच पुसून टाकण्याच्या इराद्याने: वापरणाऱ्याची भाषा आणि लायब्ररीच्या गाभ्याची भाषा एकच. या तिन्ही निवडी शेजारी ठेवून अभ्यासाव्यात.

गोंदियात संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला माझं सांगणं असं की सुरुवात हार्फबझच्या चाचण्यांपासून करावी. एक चाचणी म्हणजे एकच ओळ: फॉन्टचं नाव, लागलेच तर पर्याय, अक्षरांचे क्रमांक आणि अपेक्षित आकृत्यांची यादी, मध्ये अर्धविराम. ‘कुऱ्हाड’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द वेगवेगळ्या फॉन्टमध्ये तपासून पाहावेत. घरी गोंडी बोलली जात असेल आणि लिपी वाचता येणारं कोणी वडीलधारं माणूस असेल, तर त्यांना शेजारी बसवून मसराम लिपीतली जोडाक्षरंही पाहून घ्यावीत. चूक सापडली तर ती ओळ लिहून पाठवता येते, आणि ती लिहायला सी++ यावं लागत नाही.